मुलाची पोटगी : हुकूम आणि वसुली

नवराबायकोचें पटेनासें झालें, प्रकरण न्यायालयांत गेलें आणि यथाकाल घटस्फोटाचा हुकूमनामा हातीं पडला, म्हणजे तीं दोन माणसें एकमेकांपासून मोकळीं होतात. त्यांचें मूल मात्र कोणापासूनच मोकळें होत नाहीं. त्याला सकाळीं दूध लागतें, जून महिना आला कीं शाळेची फी व पुस्तकें लागतात, पावसाळ्यांत ताप आला म्हणजे डॉक्टर लागतो. बहुतेक ठिकाणीं हें मूल आईपाशीं राहतें आणि खर्चाचा कांहीं वांटा बापानें द्यावयाचा असतो. पुष्कळ बाप तो नियमानें देतात. त्यांच्याविषयीं येथें बोलण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्या बापाचा, आणि त्याच्याकडून तो वांटा मुलाच्या पदरांत कसा पडावा याचा.

पोटगी हा शब्द उच्चारतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें घटस्फोटित स्त्री उभी राहते. तिला नवऱ्याकडून मिळणारी रक्कम ती पोटगी, आणि मुलाचें जें कांहीं असेल तें त्याच रकमेंत आलें, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते. ही समजूत घातक आहे. कायद्याच्या दृष्टीनें बायकोचा हक्क हा एक आणि मुलाचा हक्क हा दुसरा. दोन्ही एकाच अर्जांत मागतां येतात, परंतु एक गेला म्हणून दुसरा जात नाहीं. आईनें पुनर्विवाह केला, तर पहिल्या नवऱ्याकडून स्वतःसाठीं पोटगी घेण्याचा तिचा हक्क संपतो. मुलाचा संपत नाहीं. तिला चांगल्या पगाराची नोकरी असेल, तर स्वतःपुरतें तिला कमी मिळेल, कदाचित् कांहींच मिळणार नाहीं. पण तिच्या पगारानें बापाची जबाबदारी पुसली जात नाहीं, मुलाच्या खर्चाची वांटणी दोघांच्या मिळकतीच्या मानानें होते इतकेंच. परस्परसंमतीनें घटस्फोट घेतांना, लौकर सुटका व्हावी म्हणून, ‘मला व मुलाला कांहीं नको’ असें तिनें लिहून दिलें, तरी त्या लिखाणानें मुलाचा हक्क बुडत नाहीं. जें तिचें नव्हे तें सोडून देण्याचा तिला अधिकारच नाहीं. आणि ‘मूल मला भेटूं देत नाहीं, मग पैसे कां देऊं?’ हा जो नेहमींचा सवाल, त्याचेंही उत्तर येथेंच सांपडतें. मुलाच्या भेटीसाठीं बापाला स्वतंत्र अर्ज करतां येतो. न्यायालय तो ऐकतें, आणि ऐकावयासच हवा. परंतु भेट नाहीं म्हणून जेवण नाहीं, असा हिशेब मुलाशीं मांडतां येत नाहीं.

हा हक्क ज्या कायद्यानें प्रामुख्यानें बजावून घेतां येतो तो, ऐकून आश्चर्य वाटेल, पण फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा आहे. चोर व दरोडेखोर यांच्या शेजारीं मुलाला न पोसणाऱ्या बापाला आणून बसविण्यांत इंग्रज कायदेकारांचा हेतु त्याला गुन्हेगार ठरविण्याचा नव्हता. १८७२ ची फौजदारी संहिता ज्यानें पुढें आणली, त्या सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानें या तरतुदीचें वर्णन, भटकेपणाला किंवा निदान त्याच्या परिणामांना आळा घालण्याचा एक उपाय, अशा शब्दांत केलें होतें. टाकलेलीं बायकामुलें रस्त्यावर येऊं नयेत, दिवाणी दाव्याच्या लांबलचक वाटेनें तीं जाईपर्यंत त्यांची उपासमार होऊं नये, एवढाच त्यांतला व्यवहार होता.

१८९८ च्या संहितेंत हें कलम ४८८ क्रमांकाचें होतें आणि त्यांत महिन्यास ५० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली होती. १९२३ सालीं ती १०० रुपये झाली आणि १९५५ सालीं ५०० रुपये. पुढें १९७३ ची नवी संहिता आली, कलमाचा क्रमांक बदलून १२५ झाला, पण ५०० चा आंकडा तसाच राहिला. मध्यंतरीं कांहीं राज्यांनीं आपापल्यापुरती ती मर्यादा वाढविली. देशाच्या कायद्यांत मात्र ती २००१ सालापर्यंत टिकून होती. १९५५ सालीं ५०० रुपये म्हणजे मध्यम स्थितींतल्या कुटुंबास पुरून उरणारी रक्कम. चाळीस वर्षांनंतर तीच रक्कम शहरांतल्या एका मुलाच्या दुधाला आणि शाळेच्या बसला पुरती ना पुरती. म्हणजे टाळाटाळ करणाऱ्या बापाला शेहेचाळीस वर्षें कायद्यानेंच आडोसा दिला होता, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. २००१ च्या दुरुस्तीनें ही मर्यादा उठली. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं कलमाच्या पोटांत शोधून काढला होता. या दुरुस्तीनें तो स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलांत आली असून जुनें १२५ वें कलम तिच्यांत १४४ वें झालें आहे. क्रमांक नवा, आशय बहुतांशीं जुनाच. पूर्वीं मिळालेले हुकूमही त्यामुळें रद्द झालेले नाहींत.

अठरा वर्षांच्या आंतील कोणत्याही मुलासाठीं अथवा मुलीसाठीं या कलमाखालीं अर्ज करतां येतो, मग तें मूल विवाहांतून झालेलें असो वा विवाहाबाहेर. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळें स्वतःचा निर्वाह करूं न शकणाऱ्या अपत्यास, विवाहित मुलगी वगळतां, वयाची अट नाहीं. धर्माचाही अडसर नाहीं. मुसलमान घटस्फोटित स्त्रियांसाठीं १९८६ सालीं वेगळा कायदा झाला, तेव्हां त्यांच्या मुलांचें काय, अशी शंका निघाली होती. मुलांचा हक्क त्या कायद्यानें यत्किंचित् कमी झालेला नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं सांगून टाकलें. हिंदू मुलीला १९५६ च्या दत्तक व निर्वाहविषयक कायद्याचा आणखी एक आधार आहे: सज्ञान झाल्यावरही, ती अविवाहित असेपर्यंत आणि स्वतःच्या उत्पन्नांतून तिचा निर्वाह होत नसेल तर, बापाचें दायित्व चालू राहतें. मुलगा मात्र अठरा वर्षांचा झाला कीं फौजदारी कलमाचा हात आखडतो, आणि नेमकी त्याच सुमारास महाविद्यालयाची मोठी फी भरावयाची असते! हें कलम लिहिणाऱ्यांनीं कधीं आपलीं मुलें महाविद्यालयांत घातलींच नसावींत, असें एखाद्या आईला वाटलें तर तिला दोष देतां येणार नाहीं.

अर्ज करण्यासाठीं बापाच्या गांवीं धांवावें लागत नाहीं, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. तो राहतो तेथें, ती राहते तेथें, किंवा दोघें शेवटीं जेथें एकत्र राहिलीं तेथें, यांपैकीं कोठेंही अर्ज चालतो. जेथें १९८४ च्या कायद्याप्रमाणें कौटुंबिक न्यायालय स्थापन झालें आहे तेथें त्याच्यापुढें, अन्यत्र प्रथम वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढें. वकिलाच्या खर्चाची धास्ती घेऊन मागें फिरण्याचेंही कारण नाहीं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रियांना व मुलांना, त्यांचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे. त्यासाठीं जिल्ह्याच्या न्यायालयांतच विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. महाराष्ट्रांत तर पोटगीच्या प्रकरणीं स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे.

टाळाटाळीला आरंभ होतो तो समन्सापासून. समन्स घेऊन माणूस दारीं गेला कीं ‘साहेब बाहेरगांवीं गेले आहेत’ हें उत्तर तयार असतें. तें दोनदां चालतें, चारदां चालतें. पण बाप हेतुपुरस्सर चुकवीत आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, कीं त्याच्या गैरहजेरींत प्रकरण चालवून एकतर्फी हुकूम देतां येतो. मग तो हुकूम फिरवून घ्यावयाचा असेल, तर तीन महिन्यांच्या आंत येऊन सबळ कारण दाखविण्याची पाळी त्याच्यावर येते.

क्वचित् याहून ओंगळ मार्ग अवलंबिला जातो: मूल आपलें नव्हेच, असें सांगण्याचा. विवाह कायम असतांना, किंवा तो संपल्यापासून २८० दिवसांच्या आंत व आईनें दुसरा विवाह केलेला नसतांना जन्मलेलें मूल औरस मानावें, असा पुराव्याच्या कायद्याचा जुना दंडक आहे, आणि तो मोडून काढणें सोपें नाहीं. रक्ताच्या आधुनिक परीक्षेचा निर्णायक निष्कर्ष हातीं आलेला असेल, तर तो या गृहीतापेक्षां वरचढ ठरतो, असें नागपूरकडील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं म्हटलें खरें. पण नुसत्या आरोपावरून मुलाला अशा परीक्षेला उभें करण्यास न्यायालयें नाखूष असतात, आणि तें योग्यच आहे.

खरी लढाई होते ती उत्पन्नाच्या आंकड्यावर. न्यायालयाबाहेर ज्याची मोटार, हॉटेलें आणि परदेशचे प्रवास सर्वांना दिसतात, तोच मनुष्य न्यायालयाची पायरी चढतांच कर्जबाजारी होतो. पगाराचा कांहीं भाग भावाच्या खात्यावर जातो, दुकान आईच्या नांवावर होतें, नोकरीचा राजीनामा तर अर्जाची नोटीस येतांच दिला जातो. पूर्वीं या सर्वांचा माग काढण्याचें काम बिचाऱ्या अर्जदार बाईवरच पडे. ४ नोव्हेंबर २०२० रोजीं ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें या बाबतींत देशांतल्या सर्व न्यायालयांसाठीं नियम घालून दिले. त्यांप्रमाणें उभयतांनीं आपापल्या मिळकतीचें व देण्याचें प्रतिज्ञापत्र आरंभींच दाखल करावयाचें असतें: पगार, धंदा, बँकेचीं खातीं, घरदार, ठेवी, कर्जें, प्राप्तिकराचीं विवरणपत्रें, सर्व कांहीं. त्यांत खोटें लिहिल्याचें उघडकीस आलें तर खोट्या प्रतिज्ञेबद्दल कारवाई होऊं शकते. हें प्रतिज्ञापत्र आईलाही द्यावें लागतें, आणि तिनेंही तें प्रामाणिकपणें द्यावें. स्वतःचा पगार झांकणाऱ्या अर्जदाराचें पुढचें बोलणें न्यायाधीश कमी विश्वासानें ऐकतात.

राजीनाम्याची युक्ति तर आतां पुष्कळच बोथट झाली आहे. धडधाकट पुरुषाला नोकरी नसली तरी अंगमेहनत करून बायकामुलांना पोसण्याचें कर्तव्य चुकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं पुन्हां बजावलें. त्याचें शिक्षण, पूर्वींचा पगार, राहणी यांवरून त्याची कमावण्याची ताकद किती याचा अदमास न्यायालय बांधतें. येथें आईच्या माहितीचा उपयोग होतो. तो कोणत्या कंपनींत होता, कोणत्या बँकेंत त्याचें खातें, विम्याचा हप्ता किती, घराचें भाडें कोण घेतो, हें संसारांत असतांना तिला ठाऊक असतें, आणि दुरावा आल्यानंतर वर्षभरांत विसरूनही जातें. तें वेळींच एका वहींत उतरून ठेवलेलें असलें, म्हणजे वकिलाचें अर्धें काम झालें.

अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्य तोंवर साठ दिवसांत निकालांत काढावा, असें कायदा सांगतो. हा ‘शक्य तोंवर’ प्रत्यक्षांत पुष्कळदां फार लांबतो. तथापि २०२० च्या त्याच निकालानें एक मोठा दिलासा दिला: पोटगी हुकुमाच्या तारखेपासून न धरतां अर्जाच्या तारखेपासून धरावी. त्यामुळें तारखा वाढवून घेण्यांत बापाचा पूर्वींसारखा लाभ राहिलेला नाहीं. जितके महिने तो लांबवील तितकी थकबाकी त्याच्याच माथीं सांचत जाते.

येथवर आलें म्हणजे हुकूम हातीं येतो, आणि येथेंच पुष्कळ घरांतून मोठी चूक होते. हुकूम मिळाला, आतां पैसे येतील, असें समजून सारे निर्धास्त होतात. पण न्यायालय हुकूम देऊन स्वस्थ बसतें. तो पाळला गेला कीं नाहीं हें तें आपण होऊन विचारीत नाहीं. तें सांगण्यासाठीं पुन्हां अर्ज करावा लागतो. कोर्टाच्या भाषेंत तिला दरखास्त म्हणतात, आणि तिला मुदत आहे.

समजा, नाशिकला एक शिक्षिका आहे, तिला सहा वर्षांचा मुलगा आहे आणि मुलाचा बाप पुण्यास नोकरी करतो. दर महिन्याच्या १० तारखेस मुलासाठीं ९,००० रुपये द्यावेत असा हुकूम झाला. बापानें तीन महिने पैसे पाठविले आणि मग थांबविले. बाईनें दोन पत्रें लिहिलीं. नातेवाईक म्हणाले, ‘पुन्हां कशाला कोर्टाची पायरी? देईल तो.’ मधल्या दिवाळींत त्यानें मुलासाठीं एक सायकल पाठविली, त्यामुळें आशा वाढली. असे सोळा महिने गेले. थकबाकी १,४४,००० रुपयांवर पोंचली आणि मग बाईनें दरखास्त दिली. आतां कायद्याचा दंडक असा कीं, जी रक्कम देय होऊन वर्ष उलटून गेलें तिच्यासाठीं वसुलीचें वॉरंट काढतां येत नाहीं. म्हणजे शेवटच्या बारा महिन्यांचे १,०८,००० रुपये वॉरंटाच्या कक्षेंत आले, आणि पहिल्या चार महिन्यांचे ३६,००० रुपये बाहेर राहिले. तें देणें बुडालें असें नव्हे. मुदतीची ही अट केवळ वॉरंटाच्या मार्गाला आहे, मूळचें दायित्व तिनें नष्ट होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं स्पष्ट केलें आहे. परंतु तें वसूल करण्यासाठीं आतां दुसऱ्या, अधिक लांबच्या वाटेनें जावें लागणार. आणि ती सायकल? न्यायालयाच्या हुकुमांत सायकल नव्हती. हौसेनें दिलेली वस्तु पोटगीच्या हप्त्यांतून आपोआप वजा होत नाहीं.

याच बाईनें दोन हप्ते चुकतांच दरखास्त दिली असती, तर? दरखास्त चालू असतांना जे पुढचे हप्ते थकत जातात ते तींतच मागतां येतात, दर वेळीं नवी दरखास्त नको, हें २००५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून निश्चित झालेलें आहे. म्हणजे एकदां वेळेवर दार ठोठावलें कीं तें उघडें राहतें. कोर्टाची पायरी पुन्हां चढणें कोणालाही आवडत नाहीं, आणि ज्या स्त्रीनें एक लांबलेलें प्रकरण नुकतेंच निस्तरलें आहे तिला तर मुळींच नाहीं. तिच्या या कंटाळ्यावरच टाळाटाळ करणाऱ्याचा सारा भरंवसा असतो.

दरखास्त आल्यावर दंडाधिकारी दंडाची वसुली करावी त्या रीतीनें पोटगी वसूल करण्याचें वॉरंट काढतात. त्याखालीं जंगम मालमत्ता जप्त करून विकतां येते, किंवा जिल्हाधिकाऱ्याला लिहून जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें ती रक्कम वसूल करवितां येते. ही दुसरी रीत शेत, घर अशा स्थावर मिळकतीलाही पोंचते. अर्थात् काय जप्त करावयाचें हें अर्जदारानें दाखवून द्यावें लागतें. ‘त्याच्यापाशीं पुष्कळ आहे’ एवढें सांगून भागत नाहीं. मोटारीचा क्रमांक, बँकेची शाखा, सातबाऱ्याचा उतारा, असें कांहीं हातांत ठेवावें लागतें.

वॉरंट बजावूनही रक्कम उरली, तर शेवटचा उपाय तुरुंगाचा. प्रत्येक महिन्याच्या थकलेल्या पोटगीबद्दल एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे आधीं भरले तर भरेपर्यंत, कैद देतां येते. एका चुकीबद्दल एक महिन्याहून अधिक कैद नाहीं, त्यानंतरही पैसे न दिले तर पुन्हां अर्ज करावा, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं म्हटलें. अनेक महिन्यांची थकबाकी एकाच दरखास्तींत आली असतां कैदेचे महिने जोडतां येतात काय, याविषयीं उच्च न्यायालयांच्या निकालांत मतभेद आहेत. मात्र एका गोष्टींत मतभेद नाहीं. तुरुंगांत महिना काढला म्हणून थकबाकी फिटत नाहीं. १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, कैद हें वसुलीचें साधन आहे, वसुली नव्हे. देणें फिटतें तें प्रत्यक्ष पैसे दिल्यानेंच.

तुरुंगाच्या या अधिकाराविषयीं दोन्ही बाजूंनीं बोललें जातें. बाप गजाआड गेला तर त्याची नोकरी जाईल, मग मुलाला काय मिळणार, असें एक पक्ष विचारतो. आणि हा विचार अगदींच पोकळ नाहीं. पण न्यायालयांत वर्षानुवर्षें दिसणारें दृश्य निराळेंच आहे. जो मनुष्य दहा महिने निष्कांचन होता, तो अटकेचें वॉरंट घेऊन पोलीस दारीं आल्यावर तासाभरांत कोठून तरी पैसे उभे करतो. तुरुंगाचा उपयोग त्याच्या दारापर्यंत नेण्यांतच अधिक आहे. खरोखरच ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं, आजारानें किंवा अपघातानें जो खचला आहे, त्याच्यासाठीं कायद्यांत ‘पुरेशा कारणावांचून’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. त्यानें हुकुमाची रक्कम कमी करून घेण्यासाठीं अर्ज करावा. परिस्थिति पालटली तर पोटगी वाढवितां किंवा कमी करतां येते. जें करतां येत नाहीं तें हें, कीं न्यायालयाला न विचारतां आपल्याच मनानें ९,००० चे ४,००० करून पाठवावयाचे. आणि हा मार्ग आईलाही मोकळा आहे: पहिलीच्या वर्गांतल्या मुलासाठीं ठरलेली रक्कम नववींत पुरत नाहीं, हें सांगून वाढ मागणें हा लोभ नव्हे.

नोकरदार बापाच्या बाबतींत सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पैसे त्याच्या हातांत पडण्यापूर्वींच अडविणें. साध्या कर्जाच्या वसुलींत पगाराचा जेमतेम एक तृतीयांश भाग जप्त होऊं शकतो. पोटगीच्या हुकूमनाम्यांत दिवाणी कायद्यानें हें प्रमाण उलटें केलें आहे, एक तृतीयांश पगार त्याच्यापाशीं राहतो आणि उरलेल्यावर जप्ती येऊं शकते. पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणें बजावतां येतो, असें २०२० च्या निकालांत सांगितलेलें असल्यानें हा मार्ग आतां अधिक रुळला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालीं तर न्यायदंडाधिकारी थेट मालकालाच हुकूम करूं शकतात कीं, या माणसाच्या पगारांतून अमुक रक्कम कापून बाईला द्यावी किंवा न्यायालयांत भरावी. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. घरखर्चाला आणि मुलांना जें द्यावयाचें तें न देणें हाही त्या कायद्याप्रमाणें आर्थिक छळच आहे. निरनिराळ्या कायद्यांखालीं मिळालेल्या रकमा मात्र एकमेकींतून वजा होतात, आणि आधींचा हुकूम नव्या न्यायालयापासून लपवूं नये.

नाशिकच्या बाईचा नवरा पुण्याची नोकरी सोडून सुरतेस गेला आणि तेथें त्यानें धंदा मांडला, तर? हुकुमाची प्रत तिला विनामूल्य मिळालेली असते, आणि तो जेथें असेल तेथल्या दंडाधिकाऱ्यापुढें ती ठेवून वसुली मागतां येते. महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यानें कोणी सुटत नाहीं. तो परदेशीं गेला तर मात्र गोष्ट खरोखरीच अवघड होते. तेथें त्या त्या देशाशीं असलेला करार, त्याची येथील मिळकत, यांचा विचार जाणत्या वकिलाकडूनच करून घ्यावा लागतो.

या सर्व धांवपळींत एक गोष्ट मनाला लागून राहते. हप्ता चुकवितो बाप, आणि रजा काढून कोर्टांत जाते आई. दुसऱ्या कांहीं देशांनीं हें ओझें तिच्या डोक्यावरून उतरविलें आहे. स्वीडनमध्यें १९३७ पासून आणि जर्मनींत १९८० पासून, बापानें पैसे न दिल्यास सरकार मुलाला ठराविक रक्कम आधीं देतें आणि मग बापाच्या मागें लागतें. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्यानें मुलाची पोटगी पगारांतूनच परस्पर कापून घेण्याची रीत सर्वसाधारण केली. आपल्याकडे अशी योजना नाहीं. जोंवर ती नाहीं तोंवर आईच्या हातची वही हेंच मुख्य शस्त्र.

ती वही साधी असावी. कोणत्या महिन्याची किती रक्कम देय, किती आली, कोणत्या तारखेस, कोणत्या मार्गानें. पैसे बँकेंतूनच घ्यावेत. रोखीनें घेतलेल्या पैशांवरून पुढें दोन्ही बाजूंनीं शपथेवर वाद होतात, आणि प्रामाणिकपणें देणाऱ्या बापाचेंही त्यांत नुकसान होतें. मुलाच्या फीच्या, औषधांच्या, गणवेषाच्या पावत्या वर्षावार ठेवाव्यात. वाढीव पोटगीचा अर्ज त्यांच्याच आधारावर उभा राहतो. अर्धवट रक्कम आली तर ती घ्यावी, पण ‘या महिन्याचे अमुक जमा, अमुक बाकी’ असें त्याला त्याच दिवशीं लिहून कळवावें, म्हणजे मौन म्हणजे संमति असा अर्थ त्याला काढतां येणार नाहीं. आणि वहीच्या पहिल्या पानावर सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी, कारण वर्ष मोजावयाचें तें तेथपासून.

मूल अठरा वर्षांचें झाल्या दिवशीं ही वही मिटून टाकण्याची घाई करूं नये. त्या दिवसापासून नवा हप्ता देय होत नाहीं, परंतु त्याआधींचा जो हप्ता राहिला असेल तो देणेंच राहतो, आणि तो देय होऊन वर्ष झालेलें नसेल तर त्याच्यासाठीं पूर्वींसारखेंच वॉरंट मागतां येतें.